माझं सहावीचं साल आणि चाचांच्या ड्रॉवरमधली पानं

कॉमिक्सचं सगळ्यात चांगलं साल कोणतं, या एकाच विषयावर आम्ही तिघं दर रविवारी सकाळी पैठण गेटजवळच्या एका हॉटेलात बसून भांडायचो. नळाला पाणी यायचा दिवस नेमका रविवारी आला तर मला जाता यायचं नाही, आणि मग उरलेले दोघं माझ्या पाठीमागं माझ्या सालाला नावं ठेवायचे. हे मला हॉटेलचा मालक सांगायचा. त्याला कॉमिक्समधलं ओ की ठो कळत नाही, पण भांडण रंगलं की चहा जास्त खपतो एवढं त्याला बरोबर कळतं.

आम्ही साल आकड्यांनी मोजत नव्हतो, इयत्तेनं मोजायचो. मास्तरांचं सातवीचं साल. मास्तर म्हणजे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, तिघांत वयानं मोठे आणि आवाजानं लहान. ते सातवीत होते त्या वर्षी कॉमिक्समधल्या घोड्यांचे गुडघे योग्य दिशेनं वाकत होते, असं त्यांचं म्हणणं. पुढं चित्रकार बदलला आणि घोडे खुर्चीवर बसल्यासारखे पळायला लागले. डॉक्टरांचं साल नववीचं. ते दातांचे डॉक्टर आणि आमच्यात धाकटे. त्यांच्या नववीच्या साली खलनायक हसला की त्याच्या मागच्या दाढासुद्धा दिसायच्या म्हणे. त्याआधीचे खलनायक हसले की तोंडात नुसती पांढरी पट्टी. "अशा बिनदाताच्या माणसाला कोण घाबरणार?" असं ते इमरती खात विचारतात. आठवडाभर पेशंटला गोड बंद करायला सांगणारा हा माणूस रविवारी इमरतीच्या वेढ्यातला पाक चोखत बसतो, हे मी त्यांना तोंडावर बोललेली आहे. त्यांना काही फरक पडला नाही.

माझं साल सहावीचं. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळं माझ्या मताला काहीतरी आधार असतो असं मी धरून चालते. माझी सून म्हणते की ज्याला जे साल प्यारं, त्या साली तो नेमका चड्डी किंवा फ्रॉक घालायच्या वयाचा होता, यात कॉमिक्सचा काय संबंध. सुनेशी मी या विषयावर बोलत नाही.

माझं म्हणणं साधं होतं. घोडे आणि दाढा सोडा, कॉमिक्स शेवटावर जोखायचं. आणि सहावीच्या साली जसे शेवट झाले तसे त्याआधी झाले नाहीत आणि त्यानंतर तर नाहीच नाहीत. माझ्या सातवीपासून शेवट असे काही घसरले की विचारू नका. छापणाऱ्यांनी चांगला लेखक काढून कुणीतरी मेव्हणा आणून बसवला असावा, असं मी कित्येक वर्षं सगळ्यांना ठासून सांगत आले. लेखक बदलला होता, हे माझं अनुमान शंभर टक्के बरोबर निघालं. पण त्याआधी चाचांबद्दल सांगायला पाहिजे.

गुलमंडीच्या मागच्या बोळात चाचांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याच दुकानात दोरीवर कॉमिक्स टांगलेली असायची. चाचा एका डोळ्याला भिंग लावून घड्याळात बघायचे आणि दुसऱ्या डोळ्यानं आमच्याकडं. कॉमिक्स भाड्यानं घरी न्यायला मिळायची. एकदा कुणीतरी अख्खा गठ्ठा घेऊन जालन्याला मामाकडं गेलं ते परत आलंच नाही. त्या दिवसापासून चाचांनी एक पद्धत काढली. प्रत्येक कॉमिक्सचं शेवटचं पान ब्लेडनं कापून ते टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे. कॉमिक्स न्यायचं ते बिनशेवटाचं. वाचून परत आणून दिलं की चाचा ड्रॉवर उघडणार, पान काढणार, आणि ते तिथंच उभ्यानं वाचायचं. "पैले किताब, फिर पन्ना," एवढंच ते बोलायचे. त्यानंतर कुणीही कॉमिक्स घेऊन पळालं नाही. नायक विहिरीत लटकलेला असताना जालन्याला जाणार कोण?

पान वाचताना ते आपल्या हातात मिळायचं नाही. चाचा स्वतः धरायचे. पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर त्यांचा अंगठा असायचा, तेलानं काळा झालेला, चांगला रुंद. "चाचा, जरा अंगूठा हटाओ ना," असं कुणी म्हणालं की ते म्हणायचे, "उसके नीचे कुछ नै है रे पोट्टे, पढ और निकल." त्यामुळं आमच्या पिढीतल्या गुलमंडीच्या बाजूच्या सगळ्या मुलांना सगळ्या कॉमिक्सचे शेवट एक कोपरा सोडून माहीत आहेत. मास्तर तर म्हातारपणीही रात्री जाग आली की त्या कोपऱ्याचा विचार करायचे. त्यांच्या मते खरा शेवट तिथंच असायचा.

मला मात्र हा अंगठा सहावीत असताना माहीतच नव्हता, कारण मी दुकानात जात नव्हते. आमची शेती पाचोडला. शाळेसाठी वडिलांनी मला आणि माझ्या मोठ्या भावाला शहरात दोन खोल्या करून दिल्या होत्या, आणि जेवणखाण बघायला आत्या होती. मुलीनं बोळात घड्याळाच्या दुकानापुढं उभं राहायचं नाही, हा आत्याचा कायदा. मुलानं कुठंही उभं राहिलं तरी तिची हरकत नव्हती. मग दादा कॉमिक्स आणायचा. ते शेपूट तुटलेल्या पालीसारखं घरी यायचं. आधी तो वाचायचा, मग मी. मग तो ते परत करायला जायचा, शेवटचं पान वाचून यायचा आणि मला शेवट सांगायचा.

फुकट सांगायचा नाही. खालच्या सामायिक नळावरून पाणी भरायची आमची पाळी एक दिवस त्याची, एक दिवस माझी अशी होती. शेवट ऐकायचा असेल तर त्याची पाळीही मी करायची. मी कळशी घेऊन उठायचे. पाणी भरून झालं की तो पायरीवर बसून सांगायला लागायचा, आणि ऐन रंगात आलं की म्हणायचा, "आज इतकंच. उरलेलं उद्या पाणी भरल्यावर." एका पानाचा शेवट सांगायला त्याला कधीकधी आठवडा लागायचा. त्या एका पानावर लग्न लागायचं, दोन हाणामाऱ्या व्हायच्या, भूकंप व्हायचा, आणि कोर्टात पोपटाची साक्ष निघायची. पुढं मी मुलांना क्षेत्रफळ आणि घनफळ शिकवण्यात जन्म घालवला. अमुक मापाच्या डब्यात तमुक मापाचे किती ठोकळे बसतील, हे चुकवणाऱ्याला बाकावर उभं केलं. पण एका पानात एवढं बसतं कसं, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

त्या सालातलं माझं सगळ्यात लाडकं कॉमिक्स सावल्या चोरणाऱ्या शास्त्रज्ञाचं. एका गावातल्या माणसांच्या सावल्या एकेक करून नाहीशा होतात. नायक माग काढत जुन्या बारवेत उतरतो, तर तिथं हा शास्त्रज्ञ सावल्यांच्या घड्या करून पेट्यांत भरतोय. नायक मूठ उगारतो, शास्त्रज्ञ म्हणतो, "थांब, आधी माझं ऐक," आणि तिथं पान संपतं. पुढचं पान चाचांच्या ड्रॉवरमध्ये.

दादानं तो शेवट सांगायला मला अख्ख्या वस्तीचं पाणी भरायला लावलं असतं तरी मी भरलं असतं. शास्त्रज्ञ सांगतो की तो लहान असताना त्याची स्वतःची सावली त्याला सोडून पळून गेली. शाळेत पोरं त्याला चिडवायची, कुणी खेळायला घ्यायचं नाही. म्हणून तो आयुष्यभर आपली सावली शोधतोय, आणि ओळख पटेना म्हणून दिसेल ती उचलून नेतोय. नायकाची मूठ खाली येते. तो आपलीच सावली सोडवतो आणि त्याला देऊन टाकतो. गावाच्या सावल्या गावाला परत मिळतात. शास्त्रज्ञ उजेडात उभा राहून स्वतःच्या सावलीकडं बघून रडतो. आणि त्या दिवसापासून नायक भर दुपारी घराबाहेर पडत नाही. पुढच्याच कॉमिक्समध्ये नायक टळटळीत उन्हात सावलीसकट उभा दिसला तेव्हा मी दादाला जाब विचारला. तो म्हणाला, "ती फौजदाराची आहे, उसनी घेतलीय." मी पुन्हा सगळी चित्रं तपासली. फौजदार प्रत्येक चित्रात घरात बसलेला होता. माझा विश्वास आणखी पक्का झाला.

त्या वर्षी दादा दहावीला नापास झाला. वडील म्हणाले शिक्षण पुरे, आणि तो पाचोडला शेतीवर गेला. आता कॉमिक्स आणायला कुणी नाही म्हटल्यावर मी दोन दिवस जेवले नाही, आणि आत्यानं कायदा मोडला. सातवीच्या सुरुवातीला मी पहिल्यांदा चाचांच्या टेबलापुढं उभी राहिले, कॉमिक्स परत केलं आणि पहिल्यांदा शेवटचं पान स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. शिंक यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ते संपलं. खलनायकाला बेड्या. फौजदार म्हणतो शाबास. नायक म्हणतो हे तर माझं कर्तव्य. खाली अंगठा. मी चाचांना विचारलं, "बस इतनाच?" ते म्हणाले, "और क्या बारात आनेवाली है?" मी घरी येऊन आत्याला सांगितलं की कॉमिक्सचा दर्जा गेला. ते माझं मत मग कायम राहिलं.

चाचांनी दुकान बंद केलं तेव्हा सगळी कॉमिक्स मास्तरांनी घेतली. ड्रॉवर टेबलासकट चाचांच्या जावयाकडं गेला होता. मास्तर तिथं पोचेपर्यंत चाचांच्या मुलीनं सगळी शेवटची पानं फडताळात भांड्यांखाली अंथरून, ती खराब झाली म्हणून फेकूनही दिली होती. म्हणजे मास्तरांच्या ट्रंकेत सगळी सालं होती आणि शेवट एकाचाही नव्हता. त्यामुळंच आमचं भांडण इतकी वर्षं टिकलं.

तर गेल्या दिवाळीनंतर मास्तरांनी हॉटेलात जाहीर केलं की ते मुलाकडं पुण्याला राहायला चाललेत. मग ते म्हणाले की ट्रंक बरोबर न्यायला सुनेची हरकत नाही, फक्त झाकण लागलं पाहिजे. आणि झाकण लागत नव्हतं. त्यांनी स्वतः वर बसून पाहिलं होतं, बायकोला बसवून पाहिलं होतं. एक गठ्ठा बाहेर काढल्याशिवाय ते लागणार नव्हतं.

"एक साल इथं ठेवून जातो," मास्तर म्हणाले. "तुमच्यापैकी जो आपलं साल सगळ्यात चांगलं आहे हे सिद्ध करील त्याला त्याच्या सालाचा गठ्ठा. एकेक कॉमिक्स निवडा आणि शेवटासकट सांगा."

मला तो गठ्ठा पाहिजे होता. सहावीचं एकही कॉमिक्स माझ्या मालकीचं कधी नव्हतं, आणि मास्तर पुण्याला गेल्यावर ते मला बघायलाही मिळणार नव्हतं. साठीच्या बाईनं एवढा हट्ट करू नये असं कुणी म्हणेल तर म्हणू दे. माझी झोप उडाली होती.

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी आधी सांगितलं. त्यांच्या नववीच्या सालातला एक समुद्री लुटारू, त्याचा सोन्याचा दात, त्या दातात लपवलेला नकाशा. शेवटी नायक त्याच्या जबड्यावर ठोसा मारतो आणि दात उडून समुद्रात पडतो. डॉक्टर म्हणाले, दात मुळासकट निघालेला स्पष्ट दाखवलाय, असं काम आता होत नाही. मास्तरांनी मान हलवली, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. मग मी सावल्यांची गोष्ट सांगितली. पायरीवर बसून ऐकली होती तशीच, हळूहळू. शास्त्रज्ञ उजेडात रडतो तिथं मास्तरांनी चष्मा काढून पुसला. हॉटेलचा मालक गल्ल्यावरून उठून जवळ आला होता. फौजदाराच्या उसन्या सावलीपाशी तो मोठ्यानं हसला, आणि मला वाटलं गठ्ठा आपल्या कपाटात आलाच.

डॉक्टरांचा मात्र तिळपापड झाला होता. "ताई, हे सगळं एका पानात?" ते म्हणाले.

"चौकटी लहान होत्या," मी म्हणाले.

"शास्त्रज्ञाचं बालपण, शाळा, गावाला सावल्यांचं वाटप, एका पानात? ते पान होतं का सतरंजी?"

मास्तरांना विचारून उपयोग नव्हता. माझ्या सहावीच्या साली ते दहावीत होते आणि त्यांच्या वडिलांनी त्यांना कॉमिक्सचा वासही घेऊ दिला नव्हता. डॉक्टर स्वतः तेव्हा तिसरीत होते, आणि जोडाक्षरं न येणाऱ्याला चाचा पुस्तक द्यायचे नाहीत. मास्तर म्हणाले, निकाल पुढच्या रविवारी.

त्या आठवड्यात डॉक्टरांच्या खुर्चीत वैजापूरचा एक कांद्याचा व्यापारी अक्कलदाढ काढायला येऊन बसला. डॉक्टर पेशंटच्या तोंडात हत्यारं घालून त्याला प्रश्न विचारतात, ही त्यांची जुनी खोड. कॉमिक्स वाचायचे का, असं त्यांनी विचारलं. माणसानं हो म्हटलं असावं, किंवा नुसताच ओरडला असावा. पण तोंड मोकळं झाल्यावर तो म्हणाला की त्याच्याकडं लहानपणीची, विकत घेतलेली, पूर्ण कॉमिक्स आहेत. डॉक्टर दाढ काढून झाल्यावर त्याला दम न खाऊ देता त्याच्या गाडीतून वैजापूरला गेले. एवढी तळमळ त्यांनी स्वतःच्या मुलीचं लग्न ठरवताना दाखवली नव्हती.

रविवारी त्यांनी चहा यायच्या आधीच फोन टेबलावर ठेवला. पडद्यावर ते पान होतं. सावल्यांच्या कॉमिक्सचं शेवटचं पान, कडेपर्यंत पूर्ण.

पहिल्या चौकटीत नायक पलंगावर उठून बसलेला. दुसरीत त्याची आई चहा घेऊन उभी. तो म्हणतो, "अरेच्चा, म्हणजे हे सगळं स्वप्न होतं तर." आई म्हणते, "झोपण्यापूर्वी जास्त जेवू नकोस, असं मी सांगितलं नव्हतं का?" तिसऱ्या चौकटीत दोघं हसतात. समाप्त. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात गजकर्णाच्या मलमाची जाहिरात.

मास्तर पहिल्यांदा कोपऱ्याकडंच बघत होते. "मलम," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "सगळ्यांच्या खाली मलमच असेल का हो?"

मी म्हणाले हे पान खोटं आहे. आजकाल फोनवर काहीही करता येतं. डॉक्टरांनी वैजापूरच्या माणसाला फोन लावला. तो सुजलेल्या गालानं काय बोलला ते कळलं नाही, पण त्यानं पुस्तक हातात धरून आणखी दोन फोटो पाठवले. पान पुस्तकाला टाचलेलं होतं.

"ताई, तुम्ही स्वतः हे पान वाचलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दादानं वाचलं होतं."

"म्हणजे तुम्ही नाही."

"दादानं वाचून मला सांगितलं होतं," मी म्हणाले. आजवर हा फरक मला कधी सांगण्यासारखा वाटलाच नव्हता. आमच्या घरात वाचणं तसंच होतं. हॉटेलच्या मालकानं मला न मागता चहा आणून ठेवला, तेव्हा मला कळलं की माझं काही खरं नाही.

मास्तर नियमाचे पक्के. छापलेलं ते कॉमिक्स, न छापलेलं ते बाद, असं त्यांनी सांगितलं. नववीचा गठ्ठा डॉक्टरांना मिळाला. सहावीचा ट्रंकेत परत गेला, झाकण लागलं, आणि चार दिवसांनी टेम्पो निघाला. निघताना मास्तर माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, शेवट मात्र तुमचाच चांगला होता." मला त्यांचा राग आला. चांगला होता तर द्यायचा होता गठ्ठा.

त्या दिवशी रिक्षातून घरी येताना मी हिशेब मांडला. सहावीत शेवट उत्तम, तेव्हा दादा घरी. सातवीपासून शेवट भिकार, तेव्हा दादा पाचोडला. आयुष्यभर मुलांना समीकरणं सोडवायला लावली आणि हे एवढंसं गणित माझ्याच्यानं सुटलं नव्हतं. ज्या लेखकाला छापणाऱ्यांनी काढून टाकलं म्हणून मी गळा काढत होते, तो दहावी नापास होऊन मोसंबीला पाणी देत होता. मला रडू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ असा संताप आला की रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. दादानं मला फसवून वर्षभर पाणी भरायला लावलं होतं, आणि त्याच्या थापेपायी माझा गठ्ठा पुण्याला गेला होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

दादा बागेत ठिबकची नळी दुरुस्त करत बसला होता. मला बांधावरून येताना पाहिलं आणि तो उठून उभाच राहिला.

"कोन गेलं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही गेलं. सावल्या चोरणाऱ्या शास्त्रज्ञाचा शेवट तू मला काय सांगितला होतास?"

"चोर? कुनाच्यात चोरी झाली?"

"कॉमिक्समधला, दादा. गुलमंडीच्या चाचांकडचं. मी सहावीत होते."

त्यानं डोकं खाजवलं. चाचा आठवत होते. अंगठा आठवत होता. पाणी मी भरायचे, हे तर त्याला फारच छान आठवत होतं. गोष्ट मात्र एकही आठवत नव्हती. मी म्हणाले, नाटकं करू नको. तो म्हणाला, "आईशप्पत नाय आठवत. तू सांग की, मग कायतरी ध्यानात यील."

मी पुरावा म्हणून सांगायला लागले. मोसंबीच्या झाडाखाली टेकून, रागारागानं, एकेक मुद्दा बोटावर मोजत. पण ती गोष्ट रागानं सांगता येत नाही. बारवेतल्या पेट्यांपर्यंत आले तोवर माझा आवाज खाली आला होता. दादाच्या हातातली नळी तशीच राहिली आणि पाणी त्याच्या चपलेवरून वाहत होतं.

"मंग?" तो म्हणाला.

मी शास्त्रज्ञाची पळून गेलेली सावली सांगितली, शाळेतली पोरं सांगितली, नायकाची खाली आलेली मूठ सांगितली.

"आपली दिली त्यानं? सोताची?"

"स्वतःची."

दादा काही वेळ स्वतःच्या पायाजवळ बघत राहिला. दुपार व्हायला आली होती, त्याची सावली आखडून चपलेएवढी झाली होती. "पर पुढच्या पुस्तकात त्याला सावली आसंलच की," तो म्हणाला. "चितरं काढनाऱ्याला काय ठावं."

"होती. फौजदाराकडून उसनी घेतलेली."

तो इतका हसला की खाली बसला. वहिनी चहा घेऊन येत होती, ती बांधावरच थांबली. "लई भारी रचलंय लेकाच्यानं," तो डोळे पुसत म्हणाला. "कोन लिवायचं गं ही पुस्तकं?"

"तू," मी म्हणाले.

"मी? मला गाईवर निबंध लिवता येत नव्हता."

मी फोन काढून डॉक्टरांनी पाठवलेलं ते पान त्याच्यापुढं धरलं. त्यानं हात लांब करून, डोळे बारीक करून ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं.

"सपान?" तो म्हणाला. "आन सावल्यांचं?"

"सावल्यांचं काही नाही."

"आसं कसं? गावातली मानसं तशीच फिरायची का?"

"हेच खरं पान आहे. याच्यामुळं माझा गठ्ठा गेला. डॉक्टर म्हणतात मी सांगितलेला शेवट खोटा आहे, आणि ते बरोबर आहेत."

दादानं ते पान आणखी एकदा, आईच्या चहापासून मलमापर्यंत, पूर्ण पाहिलं. मग फोन माझ्या हातात दिला आणि चिखलाचा हात पायजम्याला पुसला.

"खोटा कशाचा? त्या डाक्टरला म्हनावं, पुस्तकात चुकीचं छापलंय."